इंधन दरवाढ : पर्याय चालकाने शोधायचा की धोरण बदलायचे?

पेट्रोल, डिझेल वा सीएनजीचे दर भडकले की राज्यकर्त्यांच्या गोटातून दोन गोष्टी ठराविक पद्धतीने सांगितल्या जातात. पहिली अशी की, तेलाच्या किमती जागतिक बाजारात ठरतात आणि त्यापुढे कोणत्याही सरकारचा इलाज चालत नाही. दुसरी अशी की, चालकानेच काळाबरोबर बदलावे. पेट्रोल परवडत नसेल तर गॅसवर जावे, गॅस परवडत नसेल तर विजेवर जावे, आणि यांपैकी काहीही जमत नसेल तर गाडी जपून चालवून इंधन वाचवावे. पहिले विधान असत्य आहे आणि दुसरे फसवे आहे. इंधनाचा दर सरकारी धोरणाने ठरतो आणि ‘पर्याया’च्या नावाखाली त्या धोरणाचा बोजा ज्याला तो पुढे ढकलता येत नाही अशा माणसाच्या माथी मारला जातो. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, मालमोटार आणि घरोघरी माल पोहोचविणारी दुचाकी चालवून पोट भरणाऱ्या लक्षावधी कष्टकऱ्यांच्या जीवनमरणाचा हा प्रश्न असल्याने त्याची मुळापासून तपासणी करणे अगत्याचे आहे.

जागतिक बाजाराचा बुरखा

१ एप्रिल २००२ रोजी प्रशासित किंमत पद्धती मोडीत काढण्यात आली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज दर बदलण्याची पद्धत सुरू झाली. प्रत्येक टप्प्यावर जनतेला एकच आश्वासन देण्यात आले : बाजार चढला तर दर चढतील हे खरे, पण बाजार उतरला तर उतारही ग्राहकाच्या पदरात पडेल.

प्रत्यक्षात काय घडले? जून २०१४ मध्ये भारत खरेदी करीत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला सुमारे १०९ डॉलर होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० डॉलरच्याही खाली गेला. ही घसरण ग्राहकापर्यंत पोहोचू नये म्हणून नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्र सरकारने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढविले. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे कच्चे तेल सुमारे २० डॉलरवर आले. तेव्हा टाळेबंदीत रोजगार गमावलेल्या जनतेला दिलासा देण्याऐवजी मे महिन्याच्या प्रारंभी एका फटक्यात पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये शुल्कवाढ लादण्यात आली. २०१४ साली पेट्रोलवर लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे असलेले केंद्रीय शुल्क या वाढीनंतर अनुक्रमे ३२ रुपये ९८ पैसे आणि ३१ रुपये ८३ पैसे झाले. डिझेलवरील शुल्क सहा वर्षांत जवळजवळ नऊपट! पेट्रोलियम पदार्थांवरील केंद्रीय उत्पादन शुल्काचे उत्पन्न २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी रुपये होते. ते २०२०-२१ मध्ये, म्हणजे गाड्या महिनोन् महिने जागच्या जागी उभ्या होत्या त्या वर्षी, ३ लाख ७२ हजार कोटींवर गेले.

बाजाराच्या तथाकथित स्वयंभू हालचालीचे आणखी एक उदाहरण पाहा. ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस देशातील पेट्रोल-डिझेलचे दर हलले नाहीत. याच काळात युक्रेनचे युद्ध पेटले आणि कच्चे तेल कडाडले, तरीही पंपावरचा आकडा स्थिर राहिला; कारण पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुका चालू होत्या. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपयांची वाढ झाली. मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे आणि डिझेल १०४ रुपये ७७ पैशांवर पोहोचले. जागतिक बाजार निवडणुकीचे वेळापत्रक पाहून चालतो काय? मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, दर अचानक दोन रुपयांनी कमी कसे झाले, याचेही उत्तर याच प्रश्नात आहे.

या बुरख्याच्या चिंध्या उडविणारी सर्वांत ठळक घटना मात्र बिहारच्या सीमेवर घडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रक्सौल, सीतामढी या भागांतील लोक सीमा ओलांडून नेपाळमध्ये पेट्रोल भरण्यास जाऊ लागले, कारण तेथे ते लिटरमागे वीस रुपयांहून अधिक स्वस्त होते. नेपाळमध्ये तेलविहिरी नाहीत. नेपाळला इंधन पुरविते ती भारताचीच सार्वजनिक क्षेत्रातील इंडियन ऑइल कंपनी, आणि त्यासाठी मोतीहारी ते अमलेखगंज अशी नळवाहिनी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली आहे. तीच कंपनी, तेच तेल, तोच जागतिक बाजार. मग सीमेच्या अलीकडे दर चढा का? फरक केवळ दोन्ही बाजूंच्या करांचा आणि धोरणांचा होता.

दर ठरविण्याच्या मूळ सूत्रातही अशीच लबाडी आहे. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते हे खरे. परंतु पेट्रोल-डिझेल शुद्ध होते ते देशातील कारखान्यांत, भारतीय कामगारांच्या श्रमाने, आणि शुद्ध केलेले पदार्थ भारत मोठ्या प्रमाणावर निर्यातही करतो. तरीसुद्धा २००६ साली स्वीकारलेल्या सूत्रानुसार कारखान्याच्या दारातील किंमत ८० टक्के आयातीच्या आणि २० टक्के निर्यातीच्या समतुल्य भावाने मोजली जाते. म्हणजे जे पेट्रोल परदेशातून आलेच नाही, त्यावर जहाजभाडे, विमा आणि आयात शुल्क यांचा काल्पनिक खर्च चढवून ते देशातील चालकाला विकले जाते. या पद्धतीचा सर्वाधिक लाभ खाजगी शुद्धीकरण कारखानदारांना होतो हे उघड आहे.

वसूल केलेला पैसा कोठे गेला?

दरवाढीच्या समर्थनार्थ ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी आधीच्या सरकारने काढलेल्या तेल रोख्यांचे कारण पुढे केले. या रोख्यांची शिल्लक मुद्दल सुमारे १ लाख ३० हजार कोटी रुपये होती आणि तिची फेड पुढील अनेक वर्षांत व्हावयाची होती. त्याआधीच्या एकाच वर्षात ३ लाख ७२ हजार कोटी रुपये वसूल करणाऱ्या सरकारने हे कारण सांगावे यासारखी जनतेची थट्टा दुसरी नाही.

याच सरकारने २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपनी कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्के आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के केला. या सवलतीमुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज सरकारनेच दिला होता. आठ महिने उलटत नाहीत तोच डिझेलवर १३ रुपये चढले. बड्या भांडवलदारांना दिलेली सूट रिक्षावाल्याच्या आणि शेतात डिझेलचा पंप चालविणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून भरून काढण्यात आली. अप्रत्यक्ष कर गरिबाला अधिक जाचतो, कारण लिटरमागे उद्योगपती जेवढे शुल्क देतो तेवढेच त्याची मोटार हाकणारा ड्रायव्हरही आपल्या दुचाकीसाठी देतो.

केंद्राने या लुटीतून राज्यांनाही वगळले. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरील ३२ रुपये ९० पैशांच्या केंद्रीय करभारात राज्यांना वाटून देण्याजोगे मूळ उत्पादन शुल्क केवळ १ रुपया ४० पैसे होते. उरलेली सारी रक्कम उपकर आणि विशेष शुल्काच्या नावाखाली केंद्राच्या तिजोरीत जात होती. वाटपाचे प्रमाण ४१ टक्के, म्हणजे सर्व राज्यांच्या वाट्याला मिळून लिटरमागे ५७ पैसे! यानंतर केंद्राने राज्यांना कर कमी करण्याचा उपदेश करावा हा निर्लज्जपणा होय. त्यात रस्त्यांच्या नावाने लिटरमागे १८ रुपये उपकर घ्यावयाचा आणि त्याच रस्त्यावर मालमोटारवाल्याकडून पुन्हा टोल घ्यावयाचा, हा दुहेरी दंडही समाविष्ट होता. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये जनक्षोभाच्या दडपणाखाली केंद्राला शुल्क कमी करावे लागले. तरीही पेट्रोलवर १९ रुपये ९० पैसे आणि डिझेलवर १५ रुपये ८० पैसे उरले. कच्चे तेल पुन्हा उतरताच एप्रिल २०२५ मध्ये दोन्हींवर दोन-दोन रुपये वाढविण्यात आले. उतार ग्राहकाकडे जाऊ द्यावयाचा नाही, हा नियम याही वेळी पाळला गेला.

इंधन जीएसटीत आणा म्हणजे प्रश्न सुटेल, असे काही मंडळी सांगतात. या मागणीपासून सावध राहणे जरूर आहे. राज्यांच्या हाती करआकारणीचे जे थोडे अधिकार उरले आहेत तेही त्यामुळे जातील, आणि उपकर लावण्याची केंद्राची मोकळीक मात्र कायम राहू शकेल. पहिला घाव उपकरांवर आणि विशेष शुल्कावर घातला पाहिजे.

बोजा शेवटी कोणाच्या पाठीवर?

इंधन महागले की विमान कंपनी तिकिटावर अधिभार लावते. बडी वाहतूक कंपनी करारातील कलमानुसार डिझेलचा फरक वसूल करते. कारखानदार तो मालाच्या किमतीत घालतो. शेवटी उरतो तो एकटा चालक. रिक्षाचे भाडे सरकार ठरविते, ॲप-टॅक्सीचे भाडे कंपनीचे यंत्र ठरविते आणि एकदोन मालमोटारींच्या मालकाचे भाडे दलाल ठरवितो. इंधनाचा दर रोज बदलू शकतो. यांचे भाडे मात्र वर्षानुवर्षे बदलत नाही.

मुंबईतील रिक्षाचालकांचाच हिशेब घ्यावा. १ एप्रिल २०२२ रोजी राज्य सरकारने सीएनजीवरील व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्के केला आणि दर किलोला ६० रुपयांवर आला. त्याच दिवशी केंद्राने देशी वायूचा दर २ डॉलर ९० सेंटवरून ६ डॉलर १० सेंट, म्हणजे दुपटीहून अधिक केला. राज्याने दिलेली सवलत काही आठवड्यांतच वाहून गेली आणि ऑगस्टच्या प्रारंभी सीएनजी ८६ रुपये झाला. चार महिन्यांत ४३ टक्के वाढ! दिवसाला चार किलो गॅस लागतो असे धरले तर चालकाला रोज १०४ रुपयांचा खड्डा पडला. किमान भाडे मात्र मार्च २०२१ पासून २१ रुपयांवर होते. ते १ ऑक्टोबर २०२२ रोजी २३ रुपये झाले, म्हणजे साडेनऊ टक्के वाढ. त्यानंतरची वाढ थेट १ फेब्रुवारी २०२५ ची. मधल्या काळात गॅसचे दर काहीसे उतरले, पण सुटे भाग, विमा आणि घरखर्च उतरला नाही.

हा खड्डा चालक कसा भरून काढतो? बारा तासांऐवजी चौदा-पंधरा तास गाडी चालवून. दुरुस्ती पुढे ढकलून. जवळचे भाडे नाकारून. मुलांच्या शाळेचा आणि स्वतःच्या औषधाचा खर्च तोडून. २०२२ च्या उन्हाळ्यात हैदराबादच्या ॲप-टॅक्सी चालकांनी जादा पैसे मिळाल्याशिवाय गाडीतील एसी न लावण्याची मोहीम चालविली. प्रवाशाला त्याचा राग आला. पण या रागाचा खरा धनी कोण? इंधनाचा खर्च चालकाचा, गाडीचे कर्ज चालकाचे, आणि भाड्यातील हिस्सा कापून घेणार कंपनी, अशी ही व्यवस्था आहे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणी करण्याची मुभा कंपन्यांना दिली; इंधन महागले की चालकाला आपोआप भरपाई देण्याचे बंधन मात्र घातले नाही. भाडे नाकारणारा रिक्षावाला आणि तासभर ताटकळणारी परिचारिका हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. त्यांना समोरासमोर उभे करण्यात ज्यांचा फायदा आहे ते दोघांच्याही नजरेआड राहतात.

‘पर्यायां’चा जमाखर्च

सीएनजीला स्वस्त आणि स्वच्छ पर्याय म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीत बसगाड्या आणि रिक्षा गॅसवर गेल्या तेव्हा. हवा सुधारणे ही कष्टकऱ्यांचीही गरज आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लाखो चालकांनी पदरचा खर्च करून गाड्या गॅसवर नेल्यानंतर गॅसचा भाव कशाशी जोडण्यात आला? २०१४ च्या सूत्राने तो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशिया येथील भावांशी जोडला. ओएनजीसी मुंबईजवळच्या समुद्रातून जो वायू काढते, त्याचा भाव परदेशी बाजारात ठरू लागला. २०२२ च्या भडक्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये सूत्र बदलून साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घालावी लागली. म्हणजे मर्यादा घालणे सरकारच्या हाती होते, हे सरकारनेच सिद्ध केले. तोवरचा भुर्दंड चालकांनी सोसला होता.

दुसरा पर्याय इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणण्यात आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे ऊर्जा कमी असते. जुन्या बांधणीच्या, १० टक्के मिश्रणापर्यंतच जुळवून घेतलेल्या चारचाकींची कार्यक्षमता सहा ते सात टक्के आणि दुचाकींची तीन ते चार टक्के घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. तरीही २०२५ साली पंपावर मिश्रित पेट्रोल स्वस्त दराने देण्यात आले नाही. परकीय चलन वाचले तर त्याचा लाभ देशाला आणि उसाला रास्त भाव मिळाला तर तो शेतकऱ्याला, याचे स्वागतच होईल. पण कमी अंतर धावणाऱ्या लिटरसाठी चालकाने पूर्ण दाम का मोजावे?

तिसरा पर्याय विजेचा. विजेवरील गाडीचा रोजचा खर्च कमी येतो यात शंका नाही. पण तिची किंमत आधी मोजावी लागते, म्हणजे रोजचा पंप चुकविण्यासाठी चालक महिन्याच्या हप्त्याला बांधला जातो. बॅटरी निकामी झाली की नवे कर्ज. चार्जिंगसाठी थांबलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेले भाडे. झोपडपट्टीत वा चाळीत राहणाऱ्याने गाडी कोठे लावून चार्ज करावी हा प्रश्न वेगळाच. आणि सरकारी अनुदानाचा भरवसा किती? जून २०२३ मध्ये विजेवरील दुचाकींचे अनुदान वाहनाच्या किमतीच्या ४० टक्के मर्यादेवरून १५ टक्क्यांवर आणण्यात आले. ज्या कष्टकऱ्याजवळ भांडवल नाही त्याच्यापर्यंत हा पर्याय पोहोचेपर्यंत सवलत आखडलेली असते.

तिन्ही पर्यायांत एकच सूत्र दिसते. नव्या तंत्राचा खर्च आणि धोका चालकाने उचलावयाचा आणि दर ठरविण्याची सत्ता इतरांच्या हाती राहावयाची. ही सत्ता न बदलता केलेला इंधनबदल म्हणजे एका सावकाराच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाणे होय. नवे तंत्र नाकारण्याचा येथे प्रश्न नाही. ते कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या नियंत्रणाखाली यावे, हा प्रश्न आहे.

खरा पर्याय

हे धोरण अटळ नाही, याला भारताचा स्वतःचा इतिहास साक्षी आहे. १९६० साली परदेशी तेल कंपन्यांनी सोव्हिएत संघाकडून मिळू शकणारे स्वस्त कच्चे तेल आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला. तेव्हा तेलमंत्री केशवदेव मालवीय यांच्या आग्रहाने सार्वजनिक क्षेत्राची उभारणी पुढे गेली. बरौनी आणि कोयाली येथील शुद्धीकरण कारखाने सोव्हिएत मदतीने उभे राहिले. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ ते १९७६ या काळात एस्सो, बर्मा-शेल आणि कॅलटेक्स या कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. संकटाचे निमित्त करून त्या काळी मालकी बदलता आली. आज याच कंपन्यांकडून बाजारी नफा उकळला जातो : इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचा २०२३-२४ चा एकत्रित नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये होता, आणि ते जवळजवळ संपूर्ण वर्ष पंपावरचा दर खाली आला नाही. भारत पेट्रोलियम विकून टाकण्याचा नोव्हेंबर २०१९ चा निर्णय खरेदीदार न टिकल्याने मे २०२२ मध्ये गुंडाळावा लागला, हे विसरता कामा नये.

खाजगी वाहनाला खरा पर्याय असतो तो सक्षम सार्वजनिक वाहतुकीचा. नेमका तोच मोडीत काढला जात आहे. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महाग करण्यात आले आणि राज्यांच्या परिवहन महामंडळांवर किरकोळ पंपांवर रांगा लावण्याची पाळी आली. महाराष्ट्रात एस.टी.चे भाडे ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ टक्क्यांनी आणि जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले. मुंबईत बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या चार हजारांवरून काही शेकड्यांपर्यंत घटल्या, मार्ग कंत्राटदारांच्या हाती गेले आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. बस बंद पडली की कामगार कर्ज काढून दुचाकी घेतो आणि त्याच पंपाच्या रांगेत उभा राहतो. म्हणून पेट्रोल हा मोटारवाल्या सुखवस्तूंचा प्रश्न आहे, ही चळवळीत अधूनमधून ऐकू येणारी समजूत टाकून दिली पाहिजे. दुचाकीवरून कारखान्याच्या पाळीला जाणारा, भाजीचा टेम्पो हाकणारा आणि अर्ध्या तासात जेवण पोहोचविणारा तरुण हे श्रमिकच आहेत. कायद्याने त्यांना ‘भागीदार’ वा ‘स्वयंरोजगारी’ म्हटले म्हणून त्यांचा वर्ग बदलत नाही.

हे श्रमिक लढू शकतात हेही दिसले आहे. जुलै २०१८ मध्ये डिझेलचे दर आणि टोल यांविरुद्ध मालमोटारवाल्यांनी आठ दिवस चाके थांबविली. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ॲप-टॅक्सी चालकांनी गाड्या बंद ठेवून काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतक्या भाड्याची मागणी केली. पण हे लढे वेगवेगळे, थोड्या दिवसांचे आणि प्रवासी जनतेपासून तुटलेले राहिले. त्यांना जोडणारे मागणीपत्र असे असू शकते :

१. पेट्रोल-डिझेलवरील सर्व उपकर व विशेष शुल्क रद्द करावे. उरणाऱ्या शुल्कात राज्यांना न्याय्य वाटा द्यावा. महसुलाची तूट बड्या कंपन्यांच्या आणि धनिकांच्या करातून भरून काढावी.

२. समतुल्य किमतीचे काल्पनिक सूत्र सोडून प्रत्यक्ष उत्पादनखर्चावर आधारित दर ठरवावेत आणि रोजच्या दरबदलाची पद्धत बंद करावी.

३. रिक्षा, टॅक्सी व ॲप-वाहनांसाठी इंधन भरपाई कायद्याने बंधनकारक करावी; ॲप-सेवेत ती कंपनीच्या हिश्श्यातून द्यावी, प्रवाशाच्या खिशातून नव्हे.

४. विजेवरील व्यावसायिक वाहनांसाठी सरकारी बँकांतून अल्प व्याजाचे कर्ज, बॅटरीची हमी आणि रिक्षातळांवर सार्वजनिक चार्जिंग केंद्रे द्यावीत.

५. एस.टी., बेस्ट आणि सर्व राज्यांतील परिवहन सेवांना करमुक्त इंधन, स्वतःच्या मालकीच्या गाड्या आणि कायम कामगार द्यावेत.

या मागण्यांतील तिसरी आणि पाचवी विशेष महत्त्वाची आहे, कारण चालक आणि प्रवासी यांना एका बाजूस आणण्याची ताकद त्यांत आहे. इंदूर असो वा बडोदे, बंगळूर असो वा मुंबई, प्रत्येक शहरात रिक्षातळ, मालधक्का आणि बसस्थानक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. तेथील चालकांच्या सभेत प्रवाशांना आणि प्रवाशांच्या मोर्चात चालकांना आणणे, पंपावरच्या दरातील कराचा प्रत्येक रुपया जाहीर फलकावर मांडून दाखविणे, आणि भाडेवाढीच्या प्रत्येक प्रश्नावर ‘भाडे कोणी द्यावे’ यापुढे जाऊन ‘दर कोणी वाढविला’ हा प्रश्न उभा करणे, हे कामगार चळवळीचे तातडीचे कार्य आहे. ते चिकाटीने झाले तरच दरवाढीचा राग रिक्षावाल्याच्या मीटरवर फुटण्याऐवजी तो दर लादणाऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहील.